शेवाळाची बखर

शेवाळ हा शब्द आपल्याकडे कोणी मानाने उच्चारीत नाही. विहिरीची निसरडी पायरी, पावसाळ्यात परसातल्या फरशीवर धरलेली हिरवी साय, घसरलेला पाय आणि मुरगळलेले मनगट, एवढाच काय तो त्याचा लौकिक. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र या एका शब्दाचे दोन भाग करतात. पाण्यावर तरंगणारी, धाग्याधाग्यांची ती शैवले. आणि भिंतीवर, खडकावर, झाडाच्या बुंध्यावर इवल्या इवल्या पानांची मखमल पसरणारी ती शेवाळी. या दुसऱ्या कुळातील एका वनस्पतीची हकीकत येथे सांगावयाची आहे. तिचे शास्त्रीय नाव स्फॅग्नम. ही वनस्पती व तिच्या अवशेषांपासून बनलेली तपकिरी माती या दोहोंना बागवान मंडळी सरसकट ‘पीट मॉस’ म्हणतात, आणि आपल्याकडच्या रोपवाटिकांतही हे नाव आता चांगले रुळले आहे.

वनस्पतीची हकीकत इतिहासाच्या पानांत कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट येतात, शिलालेख येतात, बखरी आणि दफ्तरांचे रुमाल येतात. कोणीतरी लिहावे, कोणीतरी जपावे, तेव्हा तो पुढच्यांच्या हाती लागतो. उत्तर युरोपात मात्र या क्षुद्र शेवाळाने, एक अक्षरही न लिहिता, हिमयुगाच्या अखेरीपासूनची जवळजवळ दहा हजार वर्षांची बखर राखून ठेवली. आणि ती वाचावयास माणूस शिकला तो तिची पाने चुलीत घालता घालता! त्या बखरीचे काय झाले आणि काय होत आहे, हाच या लेखाचा विषय.

*

स्फॅग्नमला मुळे नाहीत. देठ असतो, त्यावर फांद्यांचे झुबके असतात, आणि शेंड्याला दाट पानांचा एक गोंडा असतो. त्याच्या सुमारे तीनशेहून अधिक जाती आहेत. कोणी पोपटी, कोणी तांबूस, कोणी गर्द लाल. पान एकाच पेशीच्या जाडीचे. ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर या वनस्पतीचे सारे रहस्य दिसते. अरुंद हिरव्या जिवंत पेशींची एक जाळी असते आणि जाळीच्या घरांत मोठ्या, पोकळ, मेलेल्या पेशी बसविलेल्या असतात. या मृत पेशींच्या भिंतींना छिद्रे असतात. पाऊस पडला की त्या छिद्रांतून पाणी आत शिरते आणि तेथेच राहते. घरातले मेलेले सदस्य पाणी भरीत आहेत आणि जिवंत सदस्य त्यावर संसार करीत आहेत, असा हा प्रकार आहे. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी हे शेवाळ धरून ठेवू शकते.

त्याची दुसरी खोड अशी की, पाण्यात विरघळलेले क्षार ते शोषून घेते आणि बदल्यात आम्ल सोडते. त्यामुळे भोवतालचे पाणी आंबट होते, इतर झाडांना तेथे राहणे नकोसे होते आणि शेवाळाचे राज्य निर्वेध चालते. अन्नाचा दुष्काळ इतका की, त्या दलदलीत टिकून राहण्यासाठी काही वनस्पतींना किडे खाऊन गुजराण करावी लागते. ज्यांनी साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात दवबिंदू नावाची चिकट केसांची इवलीशी वनस्पती पाहिली असेल, त्यांनी या मंडळींचे एक भावंड पाहिले आहे.

शेवाळ वर वाढत जाते आणि खालून मरत जाते. एरवी मेलेले पान वर्ष दोन वर्षांत कुजून मातीस मिळते. येथे तसे होत नाही. पाणी साचलेले, त्यात प्राणवायूचा अभाव, आणि वर आम्ल. कुजविणारे जंतू तेथे जवळजवळ हतबल होतात. मग मेलेल्या शेवाळावर मेलेले शेवाळ साठत जाते, दबत जाते, आणि त्याचे पीट बनते. हा साठा किती सावकाश होतो? वर्षाला सरासरी एक मिलिमीटर. म्हणजे हजार वर्षांना एक मीटर. आपल्या कालगणनेत बोलावयाचे तर, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगून पुरी झाली त्या वर्षी एखाद्या आयरिश दलदलीच्या पृष्ठावर जे शेवाळ डोलत होते, ते आज ढोबळमानाने पाऊण मीटर खाली आहे. आणि अजून शेवाळ म्हणून ओळखता येते!

अशा दलदलीत जमीन किती आणि पाणी किती, हेही ऐकण्यासारखे आहे. दुधात शंभर भागांत बारा-तेरा भाग घन पदार्थ असतात. अस्पर्श, भिजलेल्या पीटमध्ये ते दहाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. मनुष्य त्यावरून चालतो, गुरे चरतात, आणि तरीही ती ‘जमीन’ दुधापेक्षा पातळ असते.

*

८ मे १९५०. डेन्मार्कमधील सिल्कबोर्ग गावाजवळच्या एका दलदलीत दोघे भाऊ जळणासाठी पीट खणीत होते. सुमारे अडीच मीटर खोलीवर त्यांच्या फावड्याखाली एक चेहरा आला. डोळे मिटलेले, कपाळावर आठ्या, ओठ किंचित आवळलेले, हनुवटीवर दोन-तीन दिवसांची दाढी वाढलेली. त्यांना वाटले, नुकताच कोणाचा तरी खून झाला आहे. त्यांनी पोलिसांना कळविले. पोलीस आले, त्यांच्याबरोबर स्थानिक संग्रहालयाची मंडळी आली, आणि अखेर पी. व्ही. ग्लोब या पुराणवस्तुशास्त्रज्ञांना बोलावणे गेले. त्यांनी पाहिले की मृताच्या डोक्यावर कातड्याची टोकदार टोपी आहे, कमरेला पट्टा आहे, आणि गळ्याभोवती चामड्याच्या वेणीचा फास आहे. खून झाला होता हे खरेच, किंवा कदाचित तो बळी असेल. परंतु गुन्हेगार पोलिसांच्या आवाक्याबाहेर गेला होता. त्या माणसाला फास लागून तेव्हा सुमारे चोवीस शतके लोटली होती. अलेक्झांडर भारतात येण्यापूर्वीचा हा मनुष्य.

कातडे कमावण्याच्या हौदात जे घडते तेच त्या दलदलीत घडले होते. शेवाळातून निघणारी द्रव्ये कातडीला कमावतात, आणि आम्ल हाडांतला चुना विरघळवून टाकते. म्हणून या दलदलीतल्या माणसांची हाडे मऊ होतात आणि कातडी मात्र राहते. केस राहतात, नखे राहतात, बोटांचे ठसेदेखील राहतात. टोलुंडच्या माणसाच्या पोटात त्याचे शेवटचे जेवण तसेच होते: सातू, जवस आणि रानटी तणांच्या बिया घालून केलेली पेज. २०२१ साली नव्याने केलेल्या तपासणीत त्यात मासळीही होती असे दिसून आले.

या पेजेची एक गमतीची कथा आहे. १९५४ साली बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीसाठी तशी पेज शिजविण्यात आली आणि दोन विद्वानांनी ती चाखली. त्यांपैकी एक सर मॉर्टिमर व्हीलर. स्वातंत्र्यापूर्वी भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख म्हणून हडप्पा व अरिकमेडू येथे उत्खनन करणारे तेच हे गृहस्थ. पेज इतकी बेचव निघाली की, या बिचाऱ्याने बायकोच्या हातच्या स्वयंपाकाला कंटाळूनच गळफास घेतला असावा, असा विनोद त्यांनी केला.

दुसरी कथा मात्र विनोदाची नाही. इंग्लंडात चेशायर परगण्यात लिंडो नावाची दलदल आहे. १९८३ साली तेथे पीट काढणाऱ्या कामगारांना मानवी कवटीचा तुकडा सापडला. जवळच एक मनुष्य राहत असे, आणि त्याची बायको वीसेक वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती. कवटी सापडल्याचे कानी येताच त्याचा धीर सुटला. आपणच तिला मारून दलदलीच्या कडेला पुरले, असा कबुलीजबाब त्याने दिला. पुढे कवटीची कार्बन-पद्धतीने कालगणना झाली, तेव्हा ती सतराशे वर्षांपूर्वीची ठरली! कवटी रोमन काळातली. पण कबुली खरी होती, आणि तिच्याच आधारे त्याला शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी त्याच दलदलीत जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा एक पुरुष सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

*

माणसांची प्रेते ही या बखरीतली ठळक, जणू तांबड्या शाईने लिहिलेली पाने. परंतु इतिहासकाराला साध्या पानांचे मोल अधिक असते. १९७० साली इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात रे स्वीट नावाचा पीट-कामगार चर साफ करीत असता त्याला एक जुनी लाकडी फळी लागली. खणता खणता असे आढळले की, दलदल ओलांडण्यासाठी बांधलेली ती फळ्यांची एक पायवाट होती. तिच्या लाकडांतील वर्षवलये मोजून शास्त्रज्ञांनी झाडे कधी तोडली ते सांगितले: इसवी सनापूर्वी ३८०७-०६ चा हिवाळा. ‘सुमारे’ नाही, ‘अदमासे’ नाही. साल आणि ऋतू! इजिप्तचे पिरॅमिड उभे राहण्याच्या हजारावर वर्षे आधी कोणी शेतकऱ्यांनी तेथे कुऱ्हाडी चालविल्या होत्या. वाटेच्या कडेला हिरव्या दगडाची एक गुळगुळीत कुऱ्हाड मिळाली. तिचा दगड थेट आल्प्स पर्वतातला. कोणाचा तरी हात सुटला म्हणून ती पडली, की कोणी देवाला म्हणून वाहिली, हे आता कळणे नाही. ज्याने पहिली फळी पाहिली त्याच्या नावाने ती वाट आज ‘स्वीट ट्रॅक’ म्हणून ओळखली जाते. कामगाराचे नाव इतिहासाला लागावे, हा मान क्वचितच कोणाला मिळतो.

आयर्लंडच्या मेयो परगण्यात तर आख्खी शिवारे निघाली. १९३०च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड या शाळामास्तरांच्या लक्षात आले की, जळणासाठी पीट काढताना खाली दगडांचे ढीग लागतात, आणि ते ओळीने लागतात. पुढे त्यांचे चिरंजीव सीमस कॉलफील्ड हे पुरातत्त्वज्ञ झाले. लोखंडी सळया पीटमध्ये खुपसून त्यांनी खालच्या दगडांचा माग काढला आणि मैलोगणती बांध नकाशावर उतरविले. पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी घातलेले ते बांध होते. शेवाळाने अख्खे गाव पांघरुणाखाली घेऊन निजविले होते.

याहून सूक्ष्म लेखन परागकणांचे. दरवर्षी वाऱ्याने उडालेले फुलांचे पराग दलदलीवर पडतात आणि शेवाळाबरोबर पुरले जातात. ते कुजत नाहीत. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली दाखवून दिले की, थराथरातील पराग मोजले तर कोणत्या काळी कोणती झाडे होती, अरण्य केव्हा तुटले, शेती केव्हा आली, याचा क्रम लावता येतो. या पद्धतीने युरोपच्या लिखित इतिहासाआधीची पाने उलगडली. आपल्या देशातही निलगिरीच्या पठारावर पीटचे थर आहेत. ते स्फॅग्नमपेक्षा गवता-लव्हाळ्यांचे आहेत, पण बखर राखण्याचे काम तेच. त्यांचा अभ्यास करून रामन सुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दक्षिण भारताच्या गेल्या वीस हजार वर्षांतील हवामानाचे, म्हणजे आपल्या मोसमी पावसाच्या चढउतारांचे, चित्र मांडले. महाराष्ट्रात पाऊस उदंड, पण तो चार महिने कोसळून निघून जातो. पुढे आठ महिने उन्हाने जमीन तापते. ज्या भूमीला वर्षभर ओले राहता येत नाही तिला अशी बखर राखता येत नाही.

*

ही सारी पाने हाती आली ती जळण काढताना, हे मात्र विसरता येत नाही. जेथे झाडे थोडी आणि थंडी फार, तेथे गरिबाच्या घरची चूल पीटवरच पेटे. टोलुंडचा मनुष्य ज्या खड्ड्यात ठेवला होता तो खड्डादेखील मुळात कोणी पीट काढण्यासाठीच खणला होता. आयर्लंडमध्ये एका विशिष्ट लांबट फावड्याने ओल्या विटा कापीत, त्या उन्हावाऱ्यात उभ्या करून सुकवीत आणि हिवाळ्यासाठी घराशी रचून ठेवीत. आपल्याकडे गोवऱ्यांची उडवी घराशेजारी दिसावी तसे ते दृश्य असे. एक कुटुंब फावड्याने काढील ते किती काढील? शेवाळाला त्याचे फारसे वाटत नव्हते. १९४६ साली आयर्लंडच्या सरकारने बोर्ड न मोना ही संस्था काढली. मोठी यंत्रे आली, पीटवर चालणारी वीजकेंद्रे उभी राहिली. परकीय कोळशावाचून देश उजळला, हजारो हातांना काम मिळाले. त्या पिढीला त्याचा अभिमान वाटला तो योग्यच होता. पण यंत्राची भूक फावड्याहून निराळी असते. २०२१ च्या जानेवारीत त्याच संस्थेने पीट काढणे कायमचे थांबवीत असल्याचे जाहीर केले.

पीट काढले नाही, नुसते त्यातले पाणी काढून टाकले तरी काय होते, याचा एक मूक साक्षीदार इंग्लंडात उभा आहे. केंब्रिजजवळच्या सखल भागातले एक मोठे तळे १८५१ साली शेतीसाठी उपसून कोरडे केले. जमीन किती खचेल हे पाहावे म्हणून त्या सुमारास होम फेन या जागी एक लोखंडी खांब खालच्या चिकणमातीपर्यंत ठोकला. त्याचे टोक तेव्हा जमिनीच्या बरोबरीने होते. आज तो खांब जमिनीवर सुमारे चार मीटर उंच दिसतो. खांब वर आलेला नाही. भूमी खाली गेली आहे. पाणी गेले, हवा आत शिरली, आणि इतकी हजार वर्षे न कुजलेले कुजू लागले. थोडे दबले, थोडे वाऱ्यावर गेले, बाकीचे अदृश्य वायू होऊन आकाशात गेले.

*

शेवाळाच्या चरित्रात एक प्रकरण असे आहे की, त्यात त्याने माणसाचे प्राण वाचविले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. जखमींचा आकडा असा वाढला की, मलमपट्टीचा कापूस पुरेना. आणि कापसाला दुसरेही गिऱ्हाईक होते. कापसावर नत्राम्लाची प्रक्रिया करून तोफांसाठी स्फोटक द्रव्य बनविले जाई. एकच वस्तू जखम करावयासही लागे आणि बांधावयासही! त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एडिंबरोचे शल्यवैद्य चार्ल्स कॅथकार्ट आणि तेथील वनस्पती-उद्यानाचे प्रमुख आयझॅक बेली बाल्फोर यांनी ‘स्कॉट्समन’ या पत्रातून लोकांपुढे एक सूचना मांडली. स्कॉटलंडच्या माळांवर स्फॅग्नम विपुल आहे; त्याच्या पट्ट्या कराव्यात.

ही कल्पना अगदी नवी नव्हती. १०१४ साली आयर्लंडमधील क्लॉन्टार्फच्या लढाईत घायाळ वीरांनी जखमांत शेवाळ भरल्याची दंतकथा आहे. जर्मनीत १८८०च्या सुमारास पीट खणणाऱ्या एका मजुराचा हात चिंधड्या होण्याइतका जखमी झाला. दुसरे काही जवळ नसल्याने सोबत्यांनी तो पीटमध्ये गुंडाळला. दहा दिवसांनी शल्यवैद्यांनी सोडून पाहिले तो जखम स्वच्छ! त्यावरून तेथील डॉक्टरांनी शेवाळाच्या पट्ट्या वापरावयास आरंभ केला होता.

कापूस आपल्या वजनाच्या पाच-सहा पट द्रव शोषतो, शेवाळ वीसपटीपर्यंत. शिवाय ते द्रव एका जागी न ठेवता सगळ्या पट्टीभर पसरवते, म्हणून पट्टी वारंवार बदलावी लागत नाही. आणि त्याचे आम्ल जंतूंना वाढू देत नाही. ज्या गुणाने टोलुंडच्या माणसाची मुद्रा टिकली तोच गुण येथे जिवंत माणसाच्या कामी आला. मग स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडचे डार्टमूर येथे बाया, मुले, म्हातारे पाण्यापावसात वाकून शेवाळ गोळा करू लागले. गावोगावी स्त्रिया बसून त्यातल्या काड्या व गवत निवडीत, ते वाळवून तलम कापडाच्या पिशव्यांत भरून शिवीत. तांदूळ निवडावेत तसे हे काम. १९१८ च्या सुमारास ब्रिटनमधून महिन्याला दहा लाख पट्ट्या रवाना होत. कॅनडा व अमेरिकेतही असेच कारखाने निघाले. युद्ध संपले, कापूस स्वस्त झाला, आणि शेवाळाची पट्टी इस्पितळातून उठून गेली.

एक बारकावा येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. युद्धात वापरले ते वरचे, जिवंत शेवाळ. ते उपटले तरी काही वर्षांत पुन्हा वाढते. खालच्या ठेवीला कोणी हात लावला नव्हता.

*

ठेवीला खरा हात लागला तो बागेच्या मिषाने. आणि ज्यांनी तो लावला ते लोभी किंवा निर्दय नव्हते. झाडांवर प्रेम करणारेच लोक होते.

पूर्वी इंग्लंडातल्या प्रत्येक जुन्या माळ्याची कुंडीच्या मातीची आपली एक गुप्त कृती असे. या फुलाला एक, त्या फुलाला दुसरी. आपल्याकडच्या वैद्यांच्या चूर्णांसारखीच. १९३०च्या दशकात लंडनजवळच्या जॉन इन्स या उद्यानसंस्थेत आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी हजारो रोपे वाढवावी लागत, आणि ती मातीतल्या रोगांनी मरत. याच संस्थेत त्या काळी जे. बी. एस. हॉल्डेन काम करीत. पुढे भारताचे नागरिक होऊन भुवनेश्वरला देह ठेवणारे तेच ते. तेथील विल्यम लॉरेन्स व जॉन न्यूवेल यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून साऱ्या गुप्त कृतींना रजा दिली. वाफेने शुद्ध केलेली माती सात भाग, पीट तीन भाग, वाळू दोन भाग, आणि मोजके खत. एवढ्यावर बहुतेक सगळी झाडे येतात, असे त्यांनी दाखविले आणि कृती जगाला फुकट देऊन टाकली. दुसऱ्या महायुद्धात घरोघर भाजीपाला पिकविणाऱ्या इंग्रजांना तिचा मोठा आधार झाला.

या कृतीत पीट चवथा हिस्सा होता. महायुद्धानंतर चांगली माती महाग झाली. ती शुद्ध करण्याचा खटाटोप नकोसा झाला. १९५७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने आणि १९६०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाने मातीवाचूनची मिश्रणे प्रचारात आणली, आणि त्यांत पीटच मुख्य झाले. त्याचे गुण खरोखरच तसे आहेत. वजनाने हलके, पाणी धरते आणि मुळांना हवाही देते, त्यात तणाचे बी नसते. स्वतःचे अन्न जवळजवळ नसल्याने घालू तेवढेच खत झाडाला मिळते. त्यातच प्लॅस्टिकची पिशवी आली. हजारो वर्षांची दलदल चौकोनी पिशवीत बंद होऊन दुकानाच्या दारात उभी राहिली.

आता आपण कुंडीचाच हिशेब मांडू. वीतभराहून लहान, पंधरा सेंटिमीटर खोलीची कुंडी घ्या. ती पीटने भरली तर, वर्षाला एक मिलिमीटर या मापाने, दीडशे वर्षांचे शेवाळ तीत आले. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजात शिकत होते तेव्हापासून आजपर्यंत जेवढे साठले असेल तेवढे! आणि दोन हंगामांनी ते झिजले म्हणून आपण कुंडी उपडी करून दुसरी पिशवी आणतो.

पीटच्या भूमीने पृथ्वीच्या जमिनीचा शंभरातला अवघा तीन भाग व्यापला आहे; तरी जगातल्या सगळ्या अरण्यांच्या झाडाझुडपांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून अधिक तीत साठलेला आहे. हवामान तापत असता ही ठेव मोडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. ब्रिटिश सरकारने २०११ साली घरगुती बागेतून पीट २०२० पर्यंत आपखुशीने जावे असे ठरविले. ते गेले नाही. २०२२ साली असे जाहीर केले की इंग्लंडात हौशी बागवानांस होणारी पीटची विक्री २०२४ पर्यंत बंद करू. ते सालही कायदा न होताच उलटले. सवय लागावयास तीस वर्षे पुरतात, सुटावयास तेवढी पुरत नाहीत.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. कॅनडातील लावाल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे की, उजाड पीटभूमीचे चर बुजवून पाणी पुन्हा अडविले, तीवर जिवंत शेवाळाचे तुकडे पेरले आणि वर गवताचे आच्छादन घातले, तर काही वर्षांत शेवाळ पुन्हा रुजते. गेलेली पाने परत येणार नाहीत. पण नवी लिहिली जाऊ लागतात.

*

आणि पीटच्या जागी काय वापरावे, याचे एक उत्तर आपल्याच किनाऱ्यावर पडलेले आहे. नारळाच्या सोडणातून काथ्या काढून घेतल्यावर जो तपकिरी भुसा उरतो, तो कोकणात, केरळात आणि तामिळनाडूत कित्येक वर्षे उकिरड्यासारखा ढिगाने पडून राहत असे. तो लवकर कुजत नाही, म्हणून काथ्या काढणाऱ्यांना नकोसाच वाटे. गंमत अशी की, १९व्या शतकातल्या इंग्रज माळ्यांना त्याचे गुण ठाऊक होते आणि ते तो वापरीतही. पीट हाताशी आल्यावर तो मागे पडला. आता तोच भुसा दाबून केलेल्या विटा ‘कोकोपीट’ या नावाने भारत आणि श्रीलंका येथून जगभर जातात. शेवाळासारखाच तो पाणी धरतो आणि हवा खेळती ठेवतो. त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यात खार असतो, म्हणून तो गोड्या पाण्याने धुवावा लागतो आणि त्याला पाणी पुष्कळ लागते. त्यात अन्न नाही, तेव्हा खत घालावेच लागते. आणि सातासमुद्रापार न्यावयाचा तर वाहतुकीचा खर्च आहेच. मात्र एवढे खरे की, नारळाला दर वर्षी नवे सोडण येते. त्यासाठी कोणाला ज्ञानेश्वरांच्या काळापर्यंत खणावे लागत नाही.

दिवाळीच्या सुमारास पाऊस सरलेला असतो, हवा सुखाची असते, आणि पुष्कळ घरांतून गच्चीवरच्या व गॅलरीतल्या कुंड्या नव्याने भरल्या जातात. अशा वेळी दुकानात पीट मॉसची पिशवी हाती आली तर ती कोठून आली आहे तेवढे वाचावे. कॅनडा किंवा बाल्टिक किनाऱ्याचे नाव असेल, तर ती परत ठेवून शेजारची कोकोपीटची वीट घ्यावी. ती बादलीत भिजवावी, दोनतीनदा धुवावी, आणि तीत निम्मी बागेतली माती व मूठ-दोन मूठ शेणखत मिसळावे. तुळस, मोगरा, शेवंती, जास्वंद, एवढी मंडळी त्यात समाधानाने नांदतात.